पावसाळी चिखल, पाच फुटी पातं आणि फोर व्हील मिनी ट्रॅक्टर: कोकणातल्या वाटांसाठी परीक्षण

कोकणात मिनी ट्रॅक्टर बघायला गेलेलं गिऱ्हाईक पहिला प्रश्न एचपीचा विचारतं. मे महिन्यापुरता तो प्रश्न ठीक आहे. जुलैत बागेच्या चढावर तांबडी माती साबणासारखी झाली की एचपी जागच्या जागी चाक फिरवण्यात जाते. तिथे कामाला येतात चार गोष्टी: चाकांवरचं वजन, टायरची नक्षी, चारही चाकांना मिळणारी ओढ आणि मागच्या पात्याचा कोन. या परीक्षणात ट्रॅक्टर त्याच नजरेने पाहिला आहे.

जोडी अशी: २४ एचपीच्या आसपासचा फोर व्हील मिनी ट्रॅक्टर आणि थ्री-पॉइंटला, म्हणजे ट्रॅक्टरच्या मागच्या दोन खालच्या हातांना आणि एका वरच्या दांड्याला, जोडायचं पाच फुटी मागचं पातं. थंड मुलखात याच जोडीने अंगणातला, रस्त्यावरचा बर्फ सारतात. आपल्याकडे तिच्याकडून बागेच्या नाहीतर वाडीच्या कच्च्या रस्त्यावर उतरलेला चिखल बाजूला करायचा, डोंगराकडचं गटार मोकळं ठेवायचं आणि आगोटीच्या आधी रस्त्याला बाहेरचा उतार द्यायचा. बाजारात या गटात कुबोटाचा निओस्टार बी२४४१ आणि महिंद्राचा जिवो २४५ डीआय ही नावं लगेच समोर येतात. दोन्ही २४ एचपीचे, दोघांची लिफ्ट ७५० किलोची. पहिल्याला तीन सिलिंडर, दुसऱ्याला दोन. पाच फुटी पात्याचं वजन साधारण शंभर किलो धरलं तर लिफ्टची चिंता दोघांनाही नाही. म्हणून पुढचं सगळं एका कंपनीबद्दल नसून या गटातल्या यंत्राबद्दल आहे.

निकाल आधीच सांगतो. दहा फूट रुंदीचा जांभ्या मातीचा रस्ता, दहा फुटांना एक फूट चढ, त्यावर चार ते सहा इंच ओला चिखल, एवढ्यासाठी ही जोडी उत्तम आहे. सात फुटांना एक फूट चढ असेल तर उघडीप बघून, जपून. त्याहून खडा चढ ओला असताना या यंत्राने करू नये. आणि दरड आली असेल, दगडधोंडे असतील, वरून अजून माती सुटत असेल, तर ट्रॅक्टर घरी ठेवावा आणि जेसीबी बोलवावा. ते काम या यंत्राचं नाही.

मग नेहमीच जेसीबी का नको? कारण तो सात टनांच्या वर जातो. बागेच्या रस्त्याखाली पाण्याचे पाइप असतात, पऱ्यावर, म्हणजे ओढ्यावर, चिऱ्याची जुनी मोरी असते, वळणावर दगड रचलेला गडगा असतो. पावसात मऊ झालेल्या कडेवर तेवढं वजन गेलं की चिखल निघतो आणि कडही त्याच्याबरोबर निघते. मिनी ट्रॅक्टर साडेसहाशे-सातशे किलोचा, रुंदीला पावणेचार फुटांच्या आसपास. कलमांच्या दोन ओळींतून फांदी न मोडता जातो. पॉवर टिलर आणखी हलका आणि स्वस्त, खाचरात छान चालतो, पण पातं ओढायला लागणारं वजन त्याच्याकडे नाही.

हेच हलकेपण या ट्रॅक्टरचं मोठं न्यूनही आहे. ढोबळ हिशेब करून बघा. ट्रॅक्टर, चालवणारा आणि पातं मिळून साडेआठशे किलो. ओल्या चिकण मातीवर चाकाची पकड वजनाच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास धरली, तर चारही चाकं ओढत असताना पावणेतीनशे-तीनशे किलोची ओढ मिळते. फक्त मागची दोन चाकं ओढत असतील तर पुढच्या चाकांवरचं वजन ओढीच्या हिशेबातून बाद, आणि ती चिखलात नुसती घासत जातात. टू व्हील मॉडेल स्वस्त पडतं म्हणून घेणारे इथेच फसतात. भाताच्या खाचरात टू व्हीलने भागेल. ओल्या चढावर भागणार नाही.

वजन वाढवायचा सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे मागच्या टायरांत पाणी. व्हॉल्व्ह वर, बारा वाजता आणायचा, व्हॉल्व्हच्या पातळीपर्यंत पाणी भरायचं, की टायर पाऊण भरतो. वरच्या पाव भागात हवा राहिलीच पाहिजे, नाहीतर टायर दगडासारखा कडक होतो. ८.३-२० मापाच्या टायरात असं पन्नास लिटरांच्या आसपास पाणी बसतं, म्हणजे दोन्ही चाकांत मिळून शंभर किलो, आणि तेही अगदी खाली. त्यामुळे ट्रॅक्टर बाजूला झुकायची भीतीही कमी होते. पण मागे वर उचललेलं पातं असलं की पुढची बाजू हलकी होते, म्हणून पुढची वजनं लावलेली हवीतच. ती बहुधा शोरूममध्ये ट्रॅक्टरबरोबर येत नाहीत. सौद्यातच मागून घ्या.

टायरमधली हवा हा दुर्लक्षित भाग. रस्त्यावर पळवायला म्हणून हवा ठासून भरलेली असते आणि तसाच ट्रॅक्टर चिखलात उतरवतात. पुस्तिकेत शेतासाठी दिलेल्या दाबावर आणलं की टायर पसरतो, जास्त नक्षी जमिनीला लागते आणि फरक लगेच कळतो. शेतकी टायरच्या खोल काट्यांचा बाण पुढे जाण्याच्या दिशेने असला पाहिजे. पंक्चरवाल्याने उलटा बसवला तर चिखल बाहेर फेकला जाण्याऐवजी काट्यांत दाबला जातो आणि पाच मिनिटांत टायर गुळगुळीत होतो. बर्फात वापरतात तशा साखळ्या टायरला बांधायचा सल्ला काही जण देतात. आपल्या चिकण चिखलात साखळी लगेच भरून जाते, आणि मध्ये काँक्रीटचा तुकडा आला की ती काँक्रीटही फोडते आणि टायरही कापते. चिखलणीची लोखंडी पट्ट्यांची केज व्हील तर रस्त्यावर आणूच नयेत.

आता पातं. घेताना रुंदी नीट मोजा, कारण पातं तिरकं केलं की ते अरुंद होतं. चार फुटी पातं ३० अंशांत वळवलं तर साडेतीन फूटच साफ करतं. ट्रॅक्टरची बाहेरची रुंदी त्याहून जास्त असते, म्हणजे तुमचंच चाक काढलेल्या चिखलावर चढणार. पाच फुटी पातं त्याच कोनात चार फूट चार इंच देतं आणि दोन्ही चाकं साफ जागेवर राहतात. सहा फुटी घ्यायचा मोह टाळा. वळणावर ते गडग्याला लागतं आणि भरल्यावर हा ट्रॅक्टर ते ओढू शकत नाही.

पात्यात तीन गोष्टी तपासाव्यात. एक, कोन बदलायची पिन किती जाडीची आहे आणि भोकं किती आहेत. शून्य, १५, ३० आणि ४५ अंश मिळाले पाहिजेत, आणि पातं पूर्ण फिरवून उलटं लावता आलं पाहिजे, कारण मोरीच्या तोंडाशी किंवा फाटकाजवळ चिखल रिव्हर्समध्ये ढकलावा लागतो. दोन, खालची धार वेगळी, बोल्टने बसवलेली आणि दोन्ही कडांनी वापरता येणारी हवी. जांभा धार फार लवकर खातो. एक कड झिजली की पट्टी उलटी करून लावायची. धार वेल्डिंगने जोडलेली असेल तर ते पातं घेऊ नका. तीन, दोन्ही टोकांना खाली घसरपट्ट्या बसवायची सोय. कच्च्या रस्त्यावर त्या एक इंच खाली ठेवल्या की पातं चिखल नेतं आणि खालचा रोवलेला मुरूम-खडी जागेवर राहते. घसरपट्टीशिवाय दोनतीन पावसाळे पातं फिरवलं तर रस्ताच खाली जातो, कडा वर राहतात आणि रस्त्याचा पऱ्या होतो.

टॉप लिंक, म्हणजे थ्री-पॉइंटचा वरचा दांडा, याबद्दल गॅरेजमध्येही उलटसुलट सांगतात, म्हणून स्पष्ट लिहितो. टॉप लिंक लांब केली की पात्याचं डोकं मागे कलतं, धार पुढे येते आणि पातं जमिनीत शिरतं. आखूड केली की डोकं पुढे झुकतं, धार मागून घासत येते आणि पातं वरवर सारतं. ओला चिखल काढताना लिंक आखूड ठेवायची. मे महिन्यात घट्ट माती कापायची असेल तेव्हा लांब. गटार काढताना डोंगराकडचा खालचा हात हँडल फिरवून खाली सोडायचा, म्हणजे पात्याचं एकच टोक उतरतं आणि व्ही आकाराची चर पडते. बाजूच्या चेकचेन आवळून घ्या. त्या सैल असतील तर तिरकं पातं झोके खातं आणि टायरला लागतं.

एक मर्यादा समजून घ्या: ही लिफ्ट पातं वर उचलते, खाली दाबत नाही. पातं स्वतःच्या वजनाने बसतं. ओल्या चिखलाला तेवढं पुरतं. पण आठवडाभर उघडीप पडून चिखल वाळला की पातं त्यावरून नुसतं घसरत जातं. मग फ्रेमवर वाळूच्या दोन गोणी घट्ट बांधायच्या. त्यापेक्षा चिखल ओला असतानाच काढलेला बरा. पुराचा गाळ तर फारच लवकर घट्ट होतो. २२ जुलै २०२१ला चिपळूणच्या बाजारपेठेत पाणी भरलं, त्यानंतर राहिलेला गाळ ज्यांनी फावड्याने काढला त्यांना हे सांगायला नको.

कामाची पद्धत. आधी पायी चालत जा. काठीने चिखलाची खोली बघा, मोरीची तोंडं आणि पाइप जिथे रस्ता ओलांडतात त्या जागा ओळखून खुणेच्या काठ्या रोवा. पाणी तुंबलं असेल तर आधी गटाराचं खालचं तोंड फावड्याने मोकळं करा. पाणी उभं असताना पातं घातलं तर चिखल पातळ होऊन पुन्हा जागेवरच येतो. मग फोर व्हील लावायचा, लो रेंज, पहिला किंवा दुसरा गिअर, इंजिन मध्यम वेगावर. ड्राफ्टचा (ओढीच्या भारानुसार अवजार आपोआप वरखाली करणारा) लिव्हर बाजूला ठेवून पोझिशनच्या (उंची ठरवणाऱ्या) लिव्हरने पातं खाली सोडायचं. सुरुवात वरून करायची आणि उताराच्या दिशेने यायचं, म्हणजे चिखलाचं वजन आपल्याविरुद्ध जात नाही. सहा इंचांहून जाड थर असेल तर दोन फेऱ्या. एका दमात काढायला गेलं की चाकं फिरतात, चाकाखाली खड्डा पडतो आणि पुढच्या फेरीला पातं त्या खड्ड्यात उतरतं.

कोनाची दिशा हा या सगळ्या कामातला कळीचा मुद्दा, आणि विक्रेता तो सांगत नाही. तिरकं पातं चिखल ज्या बाजूला फेकतं, त्याच्या उलट बाजूला तो चिखल ट्रॅक्टरचं बूड ढकलतो. चिखल दरीकडे टाकत असाल तर बूड डोंगराकडे सरकतं. फार तर चाक गटारात जाईल. चिखल डोंगराकडे टाकत असाल तर बूड दरीकडे सरकतं, आणि ओल्या मातीवर त्याला अडवायला काहीच नसतं. म्हणून उतारावरच्या रस्त्यावर चिखल नेहमी दरीकडे. बूड सरकायला लागलं तर कोन ३० वरून १५ अंशांवर आणा, ढकल जवळजवळ निम्मी होते. दरीकडे टाकलेल्या चिखलाची सलग वरंबी मात्र ठेवू नका. दर तीस-चाळीस फुटांवर फावड्याने ती फोडून पाण्याला वाट द्या. नाहीतर ती बांधासारखी पाणी अडवते, सगळं पाणी रस्त्यावरूनच वाहतं आणि नवी घळ पाडतं.

कडेपासून किती अंतर ठेवायचं? कड जितकी उंच तितकं. बाहेरची उतरण चार फूट खोल असेल तर चाक कडेपासून चार फूट आत. रस्ता अरुंद असेल तर तेवढा पट्टा मजुरांकडून फावड्याने काढून घ्यायचा. गडगा असला म्हणून त्यावर भरवसा ठेवू नये. मागची माती भिजून फुगलेली असते आणि सुका रचलेला गडगा ट्रॅक्टरचा भार घेण्यासाठी बांधलेला नसतो.

उतरताना फोर व्हील काढू नका. ब्रेक मागच्या चाकांना असतात, आणि उतारावर वजन पुढे गेल्यामुळे मागची चाकं हलकी होऊन लॉक होतात, मग ट्रॅक्टर घसरतो. फोर व्हील लागलेला असेल तर तोच ब्रेक आणि इंजिनची अडवणूक पुढच्या चाकांपर्यंत पोहोचते. क्लच दाबायचा नाही, न्यूट्रलचा तर विचारही नको. खाचरात वळायला दोन ब्रेक पेडल सुटे केलेले असतात. रस्त्यावर येण्यापूर्वी ती पट्टीने जोडलीत का ते हाताने बघा. सुटं पेडल उतारावर दाबलं गेलं तर ट्रॅक्टर एका चाकावर गर्रकन फिरतो. घसरायला लागलाच तर ब्रेकवर उभे राहू नका, पातं पूर्ण खाली सोडा. ते नांगराच्या फाळासारखं रुततं आणि वेग मोडतं. डिफरन्शिअल लॉक, म्हणजे मागची दोन्ही चाकं एकाच वेगाने फिरवणारी कळ, फक्त सरळ जाताना, चाक फिरू लागल्यावर क्षणभर. लॉक लावून स्टिअरिंग वळवलं तर ट्रॅक्टर सरळच जातो.

चढताना उचललेलं पातं जमिनीपासून अर्ध्या फुटापेक्षा वर नको. पुढची चाकं हलकी होऊन उचलली गेली तर पातं टेकतं आणि ट्रॅक्टर मागे उलटत नाही. खडा तुकडा रिव्हर्समध्ये चढवणं त्याहून सुरक्षित. उलटण्यापासून वाचवणारी कमान आणि सीटबेल्ट या दोन्हींचा आग्रह धरा. फांद्यांना अडकते म्हणून बागायतदार कमान काढून ठेवतात. दुमडणारी कमान मिळते, ती घ्या, आणि उतारावर ती उभी ठेवून पट्टा बांधा.

फोर व्हीलबद्दल आणखी एक. पुढची चाकं मागच्यांपेक्षा किंचित जास्त वेगाने फिरतील असंच गिअरचं गणित असतं. चिखलात तो फरक घसरण्यात जिरतो. डांबरावर, काँक्रीटवर जिरायला जागा नसते आणि सगळा ताण पुढच्या अ‍ॅक्सलच्या गिअरवर येतो. म्हणून कडक रस्त्याला लागलं की फोर व्हील काढायचा. याच कारणाने टायर बदलताना पुढचा किंवा मागचा जोड वेगळ्या मापाचा बसवू नये.

शेवाळावर या जोडीचा उपयोग नाही. काँक्रीटवरचं, चिऱ्याच्या फरशीवरचं हिरवं शेवाळ पात्याने निघत नाही, उलट पातं त्यावरून सरकतं. तिथे ब्लीचिंग पावडर आणि काथ्याचा खराटाच.

बिघाडांचं चित्र असं. पात्याच्या कोनाची पिन वाकते किंवा तुटते, बहुधा कातळाचा उंचवटा लागल्यावर. खाली कातळ असलेल्या सड्यावर वेग माणसाच्या चालीएवढाच ठेवा आणि दोन सुट्या पिना टूलबॉक्समध्ये असू द्या. पुढच्या अ‍ॅक्सलची ऑइल सील चिखलाने कापली जाते. अ‍ॅक्सलचं तेल दुधाळ दिसलं की पाणी शिरलं असं समजून पुढची फेरी थांबवा. रेडिएटरच्या जाळीत गवत आणि चिखल बसून इंजिन तापतं. पुढच्या अ‍ॅक्सलच्या मधल्या पिव्होटला आणि चाकांच्या किंगपिनना ओल्या कामात रोज ग्रीस, नवीन ग्रीस बाहेर दिसेपर्यंत. काम संपलं की गोड्या पाण्याने धुवा, पण प्रेशरची बंदूक सीलवर रोखू नका, ती चिखल आतच ढकलते. किनाऱ्यालगत खाऱ्या वाऱ्याने बॅटरीची टोकं आणि वायरचे जोड आधी खराब होतात, त्यांना व्हॅसलिन लावा. डिझेलच्या फिल्टरमधलं पाणी पावसाळ्यात दर आठवड्याला सोडा.

पैशांचं बघू. २२ सप्टेंबर २०२५पासून ट्रॅक्टरवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. जुनं कोटेशन दाखवणाऱ्याला नवं मागा. अनुदान हवं असेल तर राज्य सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवर अर्ज करा आणि पूर्वसंमती हातात येण्याआधी खरेदी करू नका, नाहीतर अनुदान हुकतं. फक्त चिखल सारण्यासाठी हा ट्रॅक्टर परवडणार नाही. रोटाव्हेटर, फवारणी आणि आंब्याच्या पेट्या वाहायला ट्रॉली अशी कामं जोडीला असतील तरच घ्या. नाहीतर वाडीतल्या तिघाचौघांनी मिळून घ्यावा, आणि चालवणारा मात्र एकच ठेवावा.

शोरूमच्या सपाट आवारात घेतलेली चाचणी काही सांगत नाही. ट्रॅक्टर तुमच्या रस्त्यावर, पाऊस पडून गेल्यावर, पात्यासकट मागवा. चढावर मधेच थांबवून पुन्हा सुरू करायला सांगा, मग फोर व्हील काढून तेच करायला सांगा. पुढच्या अ‍ॅक्सलची सील आणि ब्रेकच्या पट्ट्या रत्नागिरी, कणकवली किंवा महाडच्या डीलरच्या कपाटात आज शिल्लक आहेत का, हे फोनवर न विचारता जाऊन बघा. जुलैत चार दिवस घाट बंद राहिला की पुण्या-कोल्हापूरहून येणारा पार्ट तिकडेच अडकतो.